चार सत्रांत न मावणारं जीवशास्त्र

कॅलिफोर्नियातल्या कुठल्याही कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजात, जा आणि सांगा, "बायॉलॉजी करायचंय, पुढे युनिव्हर्सिटीत जायचंय." काउन्सेलर एक कागद पुढे सरकवतात. त्यावर चार चौकटी असतात, दोन पहिल्या वर्षाच्या आणि दोन दुसऱ्या. चौथ्या चौकटीखाली बाण आणि बाणापुढे 'ट्रान्स्फर'. शेजारी बसलेल्या आईवडिलांचा चेहरा उजळतो. दोन वर्षं इथे, दोन तिथे, पदवी तीच आणि खर्च कितीतरी कमी.

त्या चौकटींत प्रत्यक्ष कोर्स भरायला घेतले की घोडं अडतं. जनरल केमिस्ट्रीची दोन सत्रं, पाच-पाच युनिटांची (युनिट म्हणजे कोर्सचं वजन मोजायचं माप). ऑरगॅनिक केमिस्ट्रीची तशीच दोन. जीवशास्त्र मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून घेणाऱ्यांसाठीचे दोन कोर्स, काही कॉलेजांत तीन. फिजिक्सची दोन सत्रं, कॅल्क्युलसची दोन. एवढ्यातच ४६च्या आसपास युनिटं होतात. त्यावर इंग्रजी, वक्तृत्व, कला, इतिहास, समाजशास्त्र, एथ्निक स्टडीज अशी सर्वसाधारण शिक्षणाची वीस-पंचवीस. बेरीज सत्तरपर्यंत जाते. सत्राला १५ युनिटं धरली तर चार सत्रांत मावतात ६०. आणि १५ युनिटं धरणंही धाडसाचंच. पाच युनिटांच्या विज्ञानाच्या कोर्सला आठवड्याला साधारण तीन तास लेक्चर आणि सहा तास लॅब असते. असे दोन कोर्स, वर कॅल्क्युलस आणि संध्याकाळी दुकानात पाच तास उभं राहणं, हे एकोणीस वर्षांच्या पोराने कसं जमवायचं, ते कागदावर लिहिलेलं नसतं.

बेरजेपेक्षाही वाईट आहे ती साखळी. शाळेतलं रसायन कच्चं असेल तर आधी पूर्वतयारीचा कोर्स. तो झाला की जनरल केमिस्ट्रीचा पहिला भाग, मग दुसरा, मग ऑरगॅनिकचे दोन. पाच सत्रं एकामागे एक, एकही पुढेमागे करता येत नाही. जीवशास्त्राच्या मुख्य कोर्सला बसायलासुद्धा बहुतेक ठिकाणी रसायनाचा पहिला भाग आधी लागतो. लहान कॉलेजांत ऑरगॅनिकचा दुसरा भाग वर्षातून एकदाच निघतो. ऑगस्टमध्ये पहिल्या भागाची जागा हुकली तर सेमिस्टर नाही, वर्ष जातं.

म्हणजे ज्याला सगळे 'दोन वर्षांचं कॉलेज' म्हणतात ते जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी तीन वर्षांचं आहे. हे कॉलेजला ठाऊक असतं, युनिव्हर्सिटीला ठाऊक असतं. फक्त ज्याचं वर्ष जाणार आहे त्याला उशिरा कळतं. माझी सगळी तक्रार या शेवटच्या वाक्यात आहे. कम्युनिटी कॉलेज वाईट असतं असं मी म्हणत नाही. तिथून पुढे जाण्याचा रस्ता शोधणं हे विद्यार्थ्याचं कसब मानलं जातं, आणि ते तसं मानलं जाऊ नये, ते संस्थांचं कर्तव्य ठरावं, एवढंच म्हणते.

कॉलेजांबद्दल वाईट बोलणं मला जमणारही नाही, कारण मी त्यांचं मीठ खाल्लं आहे. पुण्याहून मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करून एच-४ व्हिसावर, म्हणजे इथे नोकरीला असलेल्याच्या जोडीदाराला मिळतो त्या व्हिसावर, इथे आले. नोकरीची मुभा नव्हती, शिकायची होती. माझ्यासारख्या बऱ्याच जणी तिथे भेटल्या. नागपूरची बी.एच.एम.एस., सांगलीची बी.फार्म., ठाण्याची डेंटिस्ट. कुणी नर्सिंगच्या आधीचे कोर्स करत होती, कुणी डेंटल हायजीनच्या, कुणी क्लिनिकल लॅबच्या परवान्यासाठी राहिलेले विषय भरून काढत होती. २०१५ साली काही एच-४ धारकांना कामाची परवानगी मिळायला लागली, तेव्हा यातल्या कित्येकींच्या हातात इथलं काहीतरी होतं ते याच कॉलेजांमुळे.

रात्री सातच्या अॅनॉटॉमीच्या लॅबमध्ये माझ्या टेबलावर चौघं होतो. एक दिवसभर रक्त काढण्याचं काम करून आलेली फ्लेबॉटॉमिस्ट, एक सैन्यातून परतलेला मेडिक, एक अठरा वर्षांचा घाबरट मुलगा आणि मी. वर्गात चोवीस जण. प्लास्टिकच्या खांद्यावर ब्रेकियल प्लेक्ससच्या, म्हणजे हातात जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याच्या, पिवळ्या दोऱ्या बोटाने मोजत बसायचो. शिकवणाऱ्या बाई लॅबभर फिरायच्या, प्रत्येकाचं नाव त्यांना ठाऊक. मोठ्या युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षीचं जीवशास्त्र शेकडो मुलांच्या सभागृहात चालतं आणि लॅब बहुधा पीएच.डी.चा विद्यार्थी घेतो. इथल्या प्राध्यापकाला संशोधनाचे पेपर छापायचे नसतात, त्याचं काम शिकवणं. मायटोकॉन्ड्रिया दोन्हीकडे सारखाच. तो समजावून सांगायला कुणाला वेळ आहे, हा फरक.

आणि पैसा. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात युनिटमागे ४६ डॉलर पडतात, २०१२पासून हाच दर. म्हणजे ७० युनिटांचे ३,२२० डॉलर. यूसीची, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची, नुसती फी वर्षाला १४ हजार डॉलरच्या वर आहे, राहणं-जेवण वेगळं. पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षं हे ४६ डॉलरही माफ करण्याची सोय राज्याच्या कायद्याने केली आहे. एके काळी तर हे शिक्षण संपूर्ण फुकट होतं. फी आली १९८४ साली.

ही व्यवस्था कुणाच्या दयेतून आलेली नाही, हे इथे सांगायला हवं, कारण युनिव्हर्सिटीवाले ट्रान्स्फरबद्दल बोलताना सूर नेहमी औदार्याचा लावतात. अमेरिकेतलं आजही चालू असलेलं पहिलं सरकारी कम्युनिटी कॉलेज इलिनॉयमधल्या जोलिएटचं, १९०१ सालचं. शिकागो युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचा त्यात हात होता. पहिल्या दोन वर्षांचं शिक्षण दुसऱ्या कुणीतरी द्यावं, युनिव्हर्सिटीने वरच्या वर्गांकडे आणि संशोधनाकडे बघावं, असं त्यांचं म्हणणं. १९१०मध्ये फ्रेझ्नोला कॅलिफोर्नियातलं पहिलं उघडलं. पण खरा व्यवहार ठरला १९६० साली. क्लार्क कर तेव्हा यूसीचे अध्यक्ष होते. राज्याच्या उच्च शिक्षणाच्या त्या वर्षीच्या मास्टर प्लॅनने वाटणी केली. हायस्कूलमधून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरचे एक अष्टमांश यूसीचे, वरचे एक तृतीयांश राज्याच्या दुसऱ्या विद्यापीठाचे, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचे, आणि शिकू शकेल अशा प्रत्येकासाठी ज्युनियर कॉलेज, म्हणजे आजचं कम्युनिटी कॉलेज. यूसीला वेचक मुलं निवडायचा हक्क मिळाला. बदल्यात खालून येणाऱ्यांसाठी वरच्या वर्गांत जागा राखायची होती. वरच्या दोन वर्षांचे विद्यार्थी ६० टक्के आणि खालच्या दोनचे ४० टक्के असावेत, असं प्रमाणही सुचवलं गेलं.

म्हणजे ट्रान्स्फर ही सवलत म्हणून आलेली नाही. वेचक असण्याची ती किंमत आहे. राज्याच्या पैशावर चालणाऱ्या युनिव्हर्सिटीने 'आम्ही आठातला एकच घेऊ' म्हणायचं आणि उरलेल्या सातांना 'तुम्हीही येऊ शकता, रस्ता शोधून काढा' असं सांगायचं, हा करार पाळणं झालं का?

त्याच १९६० साली बर्टन क्लार्क नावाच्या समाजशास्त्रज्ञाने सॅन होजेच्या ज्युनियर कॉलेजचा अभ्यास मांडला. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे ते, म्हणून जास्तच टोचतं. त्याचं म्हणणं असं की उघड्या दाराचं कॉलेज आणखी एक काम गुपचूप करतं. मोठी स्वप्नं घेऊन आलेल्यांना ते हळूहळू निववतं. कुणी नाही म्हणत नाही. चाचणी होते, सल्ला मिळतो, 'हा कोर्स आधी करून बघ', 'तुझ्यासाठी मेडिकल असिस्टंटचं सर्टिफिकेट बरं पडेल' असं मायेने सांगितलं जातं, आणि डॉक्टर व्हायला आलेला मुलगा वर्षभरात स्वतःच ठरवतो की आपल्याला ते कधी हवंच नव्हतं. दरवाजा कुणी लावला नाही, त्यामुळे रागवायचं कुणावर तेही कळत नाही.

यात अन्यायच असतो असं मी म्हणणार नाही. मेडिकल असिस्टंट होणं चांगलंच, आणि प्रत्येकाला डॉक्टर करायचा अट्टाहास आपल्या समाजाने पुरेसा केला आहे. पण जो निवतो तो कुवतीने निवतो की ऑरगॅनिकच्या हुकलेल्या जागेने, हे तपासायला नको? कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी २०२४ साली आकडा दिला. २०१७ ते २०१९ या काळात ट्रान्स्फरचा हेतू ठेवून दाखल झालेल्यांपैकी चार वर्षांत प्रत्यक्ष ट्रान्स्फर झाले २१ टक्के. पाचात एक. उरलेले चारही जण कुवत नसलेले असतील, तर मग या राज्यातल्या हायस्कुलांवरच वेगळा लेख लिहावा लागेल.

जिथे मी बसते त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या काठावर चित्र इतकं भकास दिसत नाही, कारण यूसीत जाणाऱ्यांचा मोठा वाटा मोजक्या कॉलेजांतून येतो. लॉस एंजेलिसकडचं सॅन्टा मोनिका, कूपर्टिनोचं डी अँझा, डायब्लो व्हॅली यांची नावं दरवर्षी वर असतात. तिथे ट्रान्स्फर हा सरावाचा विषय झाला आहे. मुलांना माहितीच्या गल्ल्या ठाऊक असतात, आधीच्या बॅचचे मित्र असतात, आईबापांनी स्प्रेडशीट करून ठेवलेली असते. मधल्या शेतीच्या खोऱ्यातल्या मुलाला हे कोण देणार?

गल्ल्या किती आहेत ते पाहा. यूसीचे पदवीपूर्व शिक्षण देणारे नऊ कॅम्पस. प्रत्येकाच्या जीवशास्त्र विभागाची मागणी थोडीथोडी वेगळी. एकाला ऑरगॅनिकचं पूर्ण वर्ष हवं, दुसऱ्याला एका सत्रावर भागतं, तिसऱ्याला त्याऐवजी स्टॅटिस्टिक्स हवं. कुठला कोर्स कुठे चालतो हे बघायला 'असिस्ट' नावाची वेबसाइट आहे, आणि ती उत्तम आहे, पण ती एका वेळी एका कॉलेजची एका कॅम्पसशी जोडी दाखवते. पाच ठिकाणी अर्ज करायचा तर पाच तक्ते शेजारी ठेवून लसावि काढत बसायचं. दोन कोर्सची मालिका असेल तर ती एकाच कॉलेजात पुरी करा असं तळटीपेत असतं. एक भाग एका कॉलेजात आणि दुसरा शेजारच्या कॉलेजात केलात तर कधी दोन्ही वाया. त्यातही एक मेख आहे. सर्वसाधारण शिक्षणाचा ठरलेला गठ्ठा पुरा करा हा सल्ला सगळ्यांना मिळतो, पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने त्याच्या आधी मेजरची तयारी पुरी करावी असं यूसीच सांगते. म्हणजे सर्वसाधारण सल्ला इमानेइतबारे पाळणारी मुलगी दोन वर्षांनी कला-इतिहास-समाजशास्त्रात संपन्न आणि ऑरगॅनिकविना उभी. तिची चूक एवढीच की तिने सांगितलेलं ऐकलं. शिवाय कम्युनिटी कॉलेजची सत्तरपर्यंतचीच युनिटं यूसी पदवीच्या बेरजेत धरते, त्यामुळे चुकीचे कोर्स घेऊन मग बरोबरचे घ्यायलाही मर्यादा.

हमी नावाची गोष्ट आहे. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सॅन्टा बार्बरा आणि सॅन्टा क्रूझ हे सहा कॅम्पस अटी पुऱ्या करणाऱ्याला आधीच जागेचं वचन देतात. ते वचन सहापैकी एकाच कॅम्पसकडे मागता येतं, आणि अटी विषयागणिक वेगळ्या. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो, म्हणजे जीवशास्त्राच्या मुलांना जिथे जायचं असतं नेमके तेच तीन, वचन देत नाहीत. यूसीने जीवशास्त्रासकट वीसेक विषयांसाठी सगळ्या कॅम्पसांना चालेल अशी कोर्सची यादीही केली आहे. चांगलं केलं. पण ती यादी पुरी केली म्हणून त्या तिघांपैकी कुणीही प्रवेश द्यायला बांधील नाही. परीक्षेचा पेपर सगळ्यांना सारखा, निकाल ज्याच्या त्याच्या मर्जीचा.

सुधारणा होत नाहीत असं नाही. एकाच कोर्सला प्रत्येक कॉलेजात वेगळा क्रमांक असायचा, ते मोडून ११६ कॉलेजांत सारखे क्रमांक आणण्याचा कायदा २०२१मध्ये झाला. यूसी आणि स्टेट युनिव्हर्सिटीसाठी सर्वसाधारण शिक्षणाचा एकच गठ्ठा २०२५पासून सुरू झाला. तरी मला यात एक गंमत दिसते. कायद्याने जे जे एकसारखं झालं ते कम्युनिटी कॉलेजच्या बाजूने झालं. वळण लावलं गेलं ते खालच्यांना. वरच्या नऊ विभागांनी आपली मागणी एकसारखी करावी असा कायदा करण्याची छाती कुणाची झालेली नाही. यूसीला कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेने दिलेली स्वायत्तता त्यावर ढाल म्हणून पुढे येते.

या ठिकाणी आपल्याकडचा दाखला आठवतो. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणारी मुलं महाराष्ट्रातल्या प्रत्येक आळीत आहेत. त्या व्यवस्थेचे दोष सांगायला बसलं तर रात्र पुरायची नाही. पण निदान एक केंद्रीय प्रवेश प्रक्रिया आहे, गुणवत्ता यादी आहे, आणि 'तुझ्या डिप्लोमातलं अमुक आम्हाला चालत नाही' असं प्रत्येक कॉलेज वेगवेगळं सांगत बसत नाही. जी.एन.एम. झालेल्या नर्सला पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची वाट दोन वर्षांची आहे, तीही ठरलेली. उलट वैद्यकीयला आपल्याकडे नीट आणि फक्त नीट. अठराव्या वर्षी जे झालं ते बहुधा झालं. तिशीत पुन्हा केमिस्ट्रीपासून सुरुवात करून डॉक्टर होण्याची वाट अमेरिकेत आहे, भारतात जवळजवळ नाही, आणि याबद्दल अमेरिकेला मानलंच पाहिजे.

ती वाट किती लांब जाते हे दाखवायला काही नावं नेहमी घेतली जातात. व्हिएतनाममध्ये नौदलाच्या वैद्यकीय पथकात काम करून आलेला, शाळेत अभ्यासात मागे असलेला क्रेग व्हेंटर कॉलेज ऑफ सॅन मटेओमध्ये शिरला, तिथून यूसी सॅन दिएगोला गेला आणि २०००च्या जून महिन्यात मानवी जनुकसंचाचा आराखडा जाहीर होताना व्हाइट हाउसमध्ये क्लिंटन यांच्या शेजारी उभा होता. मेक्सिकोहून कुंपण ओलांडून आलेले अल्फ्रेडो किन्योनेस-इनोहोसा सॅन वाकीन खोऱ्यात शेतमजुरी करत स्टॉकटनच्या डेल्टा कॉलेजात शिकले. पुढे बर्कली, हार्वर्ड मेडिकल स्कूल, आणि आज मेंदूचे नामांकित शल्यविशारद. हायस्कूल अर्ध्यावर सोडलेले रिचर्ड कार्मोना ब्राँक्स कम्युनिटी कॉलेजातून निघून देशाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख अधिकारी, झाले.

ही यादी मी सांगते खरी, पण मला ती फारशी आवडत नाही. असामान्य माणसांना पूल लागत नाही, ते पोहून जातात. पुलाची परीक्षा मध्यम माणसावर होते, बी-प्लस मिळवणाऱ्या, घरी लहान भाऊ सांभाळणाऱ्या मुलीवर.

आणि अशी मुलगी सगळं पार करून मेडिकल स्कूलच्या दारात पोहोचली तरी तिथे आणखी एक नजर असते. काही मेडिकल स्कूल स्पष्ट लिहितात की विज्ञानाचे मूळ विषय शक्यतो चार वर्षांच्या संस्थेत केलेले असावेत. काही लिहीत नाहीत, पण पूर्वतयारी करणाऱ्या मुलांमध्ये ही धास्ती खोल बसलेली आहे. मुलं कम्युनिटी कॉलेजातलं चांगलं झालेलं रसायन पुसून टाकता येईल का, असं विचारतात. यामागचं कारण अगदीच पोकळ नाही. कॉलेजाकॉलेजांत कडकपणा कमीजास्त असतो. काही ठिकाणी मी पाहिलेल्या परीक्षा खरंच सोप्या होत्या. ट्रान्स्फरनंतर पहिल्या सत्रात गुण घसरतात, हेही साठच्या दशकापासून माहीत असलेलं आहे. पण मग मेडिकल प्रवेशाची एमकॅट कशासाठी आहे? देशभर एकच परीक्षा, त्यात हेच जीवशास्त्र, हेच रसायन. वरच्या दोन वर्षांतली बायोकेमिस्ट्री आणि जेनेटिक्स तर युनिव्हर्सिटीतच होते. एवढ्या दोन चाळण्या असताना जुन्या कॉलेजच्या नावाची तिसरी चाळणी लावणं म्हणजे ज्ञान तपासणं राहत नाही, घराणं विचारणं होतं.

आणि नुकसान कुणाचं? २०१४ साली 'अकॅडमिक मेडिसिन'मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं की कम्युनिटी कॉलेजातून आलेले वैद्यकीय विद्यार्थी, जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा वस्त्यांत काम करायचा इरादा जास्त प्रमाणात सांगतात. शेतीच्या खोऱ्यातल्या बेकर्सफील्डच्या दवाखान्यात स्पॅनिश बोलणारा डॉक्टर हवा असेल तर तो बेकर्सफील्डच्या कॉलेजातूनच येण्याचा संभव जास्त, हे कळायला खरं तर अभ्यासही लागू नये.

नर्सिंगची गोष्ट निराळी आणि जास्त चीड आणणारी. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांची असोसिएट पदवी घेतलेली नर्स आणि युनिव्हर्सिटीतून बी.एस.एन., म्हणजे नर्सिंगची चार वर्षांची पदवी, झालेली नर्स एकच एनक्लेक्स परीक्षा देतात, परवानाही एकच. मोठी हॉस्पिटलं मात्र बी.एस.एन.ला आधी बोलावतात. मग कम्युनिटी कॉलेजांनीच बी.एस.एन. का देऊ नये? दातांच्या हायजीनमध्ये ते झालं आहे. २०१४च्या कायद्यानंतर फुटहिल कॉलेज त्यात चार वर्षांची पदवी देतं. पण युनिव्हर्सिटी जी पदवी देते ती कॉलेजांनी देऊ नये अशी अट आहे, आणि नर्सिंग त्यात अडकतं. ते सोडवायला २०२४मध्ये काही मोजक्या कॉलेजांपुरता प्रयोग करू देणारी विधेयकं विधिमंडळाने मंजूर केली. गव्हर्नर न्यूसम यांनी ती सही न करता परत पाठवली. सगळ्या संस्थांनी मिळून कार्यक्रम उभारावेत, स्पर्धेने सहकार्य बिघडेल, असं त्यांचं म्हणणं. सहकार्य हा शब्द ऐकायला गोड आहे. ज्या राज्यात नर्स मिळत नाहीत म्हणून ओरड आहे तिथे कुणाच्या कुरणात कोण चरतो यावर पदव्या अडल्या, असंच मी त्याला म्हणेन.

आता थोडं आपल्याबद्दल. इथल्या मराठी घरांत कम्युनिटी कॉलेज हा शब्द आवाज उतरवून उच्चारला जातो. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत "मग अथर्व कुठे?" याला "डी अँझा" असं उत्तर आलं की समोरचा "अरे वा, जवळच आहे की" म्हणतो, आणि त्या 'जवळच'मध्ये जे असतं ते अथर्वच्या आईला बरोबर कळतं. गंमत अशी की हीच मंडळी उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या अकरावीतल्या मुलांना त्याच डी अँझात नाहीतर फुटहिलमध्ये केमिस्ट्रीला बसवतात. शाळकरी मुलांना फी बहुधा माफ असते, गुणपत्रक सजतं, आणि तेच गुणपत्रक दाखवून मूल मोठ्या नावाच्या युनिव्हर्सिटीत जातं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. उन्हाळी वर्गातली ती खुर्ची, जिला कॉलेजशिवाय दुसरा आधार नाही अशा कुणाला मिळाली असती का, हा प्रश्न मी एकदा विचारला होता. पुढच्या भिशीचं निमंत्रण जरा उशिरा आलं.

या लाजेचा मूळ प्रश्नाशी थेट संबंध आहे. ज्यांच्याकडे आवाज आहे, माहिती आहे, स्थानिक कॉलेजच्या विश्वस्त मंडळाच्या निवडणुकीत मत आहे, ते लोक या संस्था आपल्या मानत नाहीत. वापरतात, पण मानत नाहीत. त्यामुळे दबाव आणणारं कुणी उरत नाही. ज्याचं वर्ष बुडालं तो कामावर परत गेलेला असतो.

मागणी फार मोठी नाही. जीवशास्त्रासाठी नऊही कॅम्पसांवर बंधनकारक अशी एकच यादी, आणि ती ठरलेल्या गुणांनी पुरी केली की नवांपैकी कुठेतरी जीवशास्त्रातच जागा, बर्कली आणि लॉस एंजेलिससकट. काउन्सेलरच्या कागदावर चारऐवजी सहा चौकटी, म्हणजे घरचे पहिल्याच दिवशी तीन वर्षांचा विचार करतील आणि आर्थिक मदतीचे नियमही त्याप्रमाणे बदलावे लागतील. दुसऱ्या वर्षापासून यूसीच्या संशोधन प्रयोगशाळांत या विद्यार्थ्यांना उन्हाळी जागा, कारण ट्रान्स्फरनंतर उरलेल्या दोन वर्षांत प्रयोगशाळा शोधायची आणि शिफारसपत्र मिळवायचं, हे शर्यत अर्धी झाल्यावर बूट घालण्यासारखं आहे. आणि एखादा कोर्स नाकारायचा असेल तर युनिव्हर्सिटीने लेखी कारण द्यावं, आणि तो पुन्हा करायला लावायचा तर फी घेऊ नये. या शेवटच्या कलमावर लोक हसतात. अमेरिकन काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७मध्ये अंदाज दिला होता की देशभरात संस्था बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिटं नव्या ठिकाणी धरली जात नाहीत. तेवढ्या क्रेडिटांची फी युनिव्हर्सिट्यांच्या अंगावर पडली, तर किती कोर्स रातोरात 'समकक्ष' ठरतील ते बघायला मला आवडेल.

माझं स्वतःचं ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं दुसरं सत्र असंच गेलं. कॉलेजात ए मिळाला होता. पुढे ज्या संस्थेत गेले तिथे सांगण्यात आलं की त्यांचा लॅबचा कोर्स एका युनिटने मोठा आहे, सबब सगळंच पुन्हा करा. केलं. पुस्तक तेच निघालं, आवृत्ती पुढची. अल्डॉलचा धडा एकोणिसावरून विसावा झाला होता. लॅबमध्ये पहिल्या दिवशी मेल्टिंग पॉइंट काढायला दिला. शेजारची मुलगी केशनळीत पावडर भरताना चाचपडत होती, तिला मी नळी टेबलावर हलकेच आपटून भुकटी तळाशी कशी बसवायची ते दाखवलं. टीए, म्हणजे लॅब घेणारा पीएच.डी.चा विद्यार्थी, जवळ येऊन म्हणाला, "हे छान जमतंय तुम्हाला, कुठे शिकलात?"